गणपतीला भरलेलं घर, फेब्रुवारीतली गणती

गणपतीत बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एखाद्या गावात जा, घरात पाय ठेवायला जागा नसते. गोवा, पुणे, मुंबई, कामाला गेलेले सगळे परतलेले असतात. 2011 ची जनगणना मात्र झाली 9 ते 28 फेब्रुवारीत. तेव्हा त्याच घरात आजी-आजोबा, फार तर एखादी नात. बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 47.8 लाख भरली, पण कुठलं गाव म्हातारं होत चाललंय हे त्या बेरजेतून कसं कळावं?

जन्म मिळवा, मृत्यू वजा करा, आलेले-गेलेले धरा, हा नेहमीचा हिशेब जिल्ह्याला पुरतो. गावाला पुरत नाही. 1957 मध्ये अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ गाय ऑर्कट यांनी सुचवलं, सरासरी सोडा, एकेक माणूसच धरा. यालाच मायक्रोसिम्युलेशन म्हणतात. संगणकात कल्पित माणसं तयार करायची. त्यांचं वय, शिक्षण, घरातली माणसं यांची बेरीज खऱ्या जनगणनेशी जुळवायची आणि मग एकेक वर्ष पुढं सरकवायचं.

समजा त्यात एक 22 वर्षांचा पोरगा आहे. आयटीआय झालेला, घरची दोन एकर भातशेती, थोरला भाऊ मडगावात. अशा पोरांपैकी शंभरात बारा जण यंदा गाव सोडतात असं धरू (आकडा समजुतीपुरता). संगणक त्याच्या नावानं 1 ते 100 मधली एक चिठ्ठी काढतो. बारापर्यंतची निघाली तर पोरगा गेला, पुढची निघाली तर राहिला. सात निघाली, म्हणजे पोरगा गेला. आता आई घरी एकटी, त्याचं लग्न लांबलं, आणि धाकट्याची जाण्याची शक्यता वाढली, कारण तिकडं उतरायला दोन भावांची खोली आहे. सरासरीत नेमका हाच धागा तुटतो. एका फेरीवर विसंबायचं नसतं. शेकडो फेऱ्या केल्यावर गावाचा कल दिसतो.

आपल्याकडं आणखी एक गोष्ट धरावीच लागेल. बेळगाव तालुक्यातली लेक चंदगडला दिली की अंतर थोडंच, पण राज्य बदलतं. बायकांच्या स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण लग्नच. म्हणून जिल्ह्याच्या हद्दीवर थांबणारं मॉडेल मला अपुरं वाटतं. चंदगड, गडहिंग्लज, कागल त्यात हवेतच. नाहीतर ही लेक इकडून वजा होईल आणि तिकडं कुठंच मिळणार नाही. निपाणीकडं तर हे घरोघरी चालतं.

त्या पोराचं मूल मडगावात जन्मलं, तर सहा वर्षांनी गावच्या मराठी शाळेच्या पहिलीत एक पोर कमी. शाळेला तेव्हा किती मास्तर लागतील, हे आजच मोजून ठेवता येतं.