ड्रॅग शर्यतीसाठी स्लिक टायर निवडताना

अमेरिकेत रुजलेल्या ड्रॅग शर्यतीत गाडी जागेवरून सुटून पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, सरळ धावते. इंजिनाची ताकद पेलणाऱ्या चाकांना नक्षी नसलेले, गुळगुळीत 'स्लिक' टायर बसवतात. चाकावरच्या कमानीत मावेल तेवढा रुंद टायर घ्यावा असे नवख्या चालकाला वाटते. माझ्या मते मात्र आधी टायरची बाजूची भिंत, म्हणजे साइडवॉल, पाहायला हवी.

रुंदीला अर्थ नाही असे नव्हे. घर्षण स्पर्शक्षेत्रावर अवलंबून नसते, हा फ्रेंच शास्त्रज्ञ आमोंतों यांनी १६९९ मध्ये मांडलेला नियम आपण शाळेत शिकतो. पण मऊ रबर तो पूर्णपणे पाळत नाही. ते रस्त्याच्या खडबडीत कणांभोवती दबून बसते, पृष्ठभागाला चिकटते आणि त्यावरचा दाब वाढला की त्याचा घर्षणांक घटतो. म्हणून तेच वजन अधिक क्षेत्रावर पसरले की पकड वाढते. नक्षीच्या खाचा पाणी बाहेर काढण्यासाठी असतात. कोरड्या धावपट्टीवर त्या केवळ जागा अडवतात, आणि ओल्या रस्त्यावर त्यांच्याविना गाडी चालवणे जीवघेणे ठरते.

तरीही सुटण्याच्या क्षणी खरे काम भिंत करते. बायस-प्लाय टायरमध्ये दोऱ्यांचे थर एकमेकांना तिरके छेदतात आणि भिंत लवचीक राहते. क्लच सुटताच रिम आधी फिरते, जमिनीला टेकलेले रबर क्षणभर मागे राहते, भिंतीला सुरकुत्या पडतात आणि इंजिनाचा धक्का एकदम न बसता थोडा पसरून पोहोचतो. रेडियल टायरमध्ये दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे जातात व वर पट्ट्यांचा थर असतो. तो कमी ताकद खातो आणि वेगात स्थिर राहतो, पण एकदा घसरला की सहज सावरत नाही. त्यामुळे हाताने गिअर बदलायच्या, झटक्याने सुटणाऱ्या गाडीला बायस-प्लाय आणि टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी द्रवामार्फत ताकद हळुवार पोहोचवणारा भाग, असलेल्या ऑटोमॅटिक गाडीला रेडियल, ही निवड बहुधा योग्य ठरते.

व्यास हा जणू आणखी एक गिअरच असतो. २८ इंची टायर पाव मैलात सुमारे १८० फेरे घेतो, तर २६ इंची सुमारे १९४. म्हणजे लहान टायर लावल्यास त्याच वेगाला इंजिन जवळपास आठ टक्के जास्त फिरते. शिवाय बायस-प्लाय स्लिक वेगात फुगतो, हेही गिअर ठरवताना धरावे लागते.

रबराचा मऊपणा गाडीच्या वजनावरून ठरवावा. हलक्या गाडीला मऊ रबर लवकर तापून साथ देते. जड, ताकदवान गाडीखाली तेच अति तापून झिजते. हवेचा दाब शेवटी धावपट्टीवरच जुळवावा लागतो: सुटताना उमटलेला काळा पट्टा मधोमध गडद दिसला तर हवा जास्त आहे, आणि दोन्ही कडांना गडद दिसला तर ती कमी पडते आहे.