तरंगती सागरी नगरे

समुद्राच्या पाण्यात तरंगत्या पायावर उभारलेली, तळाशी नांगरून ठेवलेली आणि कायम वस्तीसाठी आखलेली नगरे. भराव घालून केलेली बेटे किंवा खांबांवरची गावे यांत मोडत नाहीत. पाणी चढले तरी ती जागच्या जागी राहतात. तरंगती वस्ती पाण्याबरोबर वर येते. हवामानबदलाच्या चर्चेत या कल्पनेला वजन आले ते याच गुणामुळे. मात्र खुल्या समुद्रात असे पूर्ण शहर अद्याप कोठेही वसलेले नाही.

१९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंमी.ने वाढली. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या (आयपीसीसी) २०२१ च्या अहवालानुसार शतकअखेरपर्यंतची वाढ उत्सर्जन अगदी कमी राखल्यास ०.२८ ते ०.५५ मी., तर फार जास्त राहिल्यास ०.६३ ते १.०१ मी. असण्याची शक्यता आहे. सखल किनाऱ्यासाठी हे आकडे भयावह आहेत, पण तरंगत्या पायाला त्यांचे विशेष काही नाही. अनेक किनाऱ्यांवर रोजची भरती-ओहोटीच त्याला याहून अधिक वरखाली करते. नियोजकाची खरी डोकेदुखी पातळी नसून लाट आहे.

लांबरुंद, सपाट तराफा लाटांवर ताठ राहत नाही. तो वाकतो, आणि वारंवार वाकण्याने काँक्रीट व पोलाद थकते. तो लहान तुकड्यांत विभागून बिजागरीने जोडला, तर ताण सांध्यांवर येतो. नेदरलँड्समधील मारिन या सागरी संशोधन संस्थेने २०१७ मध्ये ८७ त्रिकोणी तुकडे जोडून केलेल्या बेटाची प्रतिकृती लाटांच्या कुंडात तपासली, ती याच पेचाचा माग काढण्यासाठी. शिवाय संरचना टिकली म्हणजे माणूस टिकला असे नाही. संथ, सतत डोलण्याने मळमळते, आणि इमारत जितकी उंच तितका वरच्या मजल्यावरचा झोका मोठा. ‘ओशनिक्स’ या २०१९ मधील आराखड्यात इमारती सात मजल्यांच्या आत ठेवल्या आहेत, त्यामागे गुरुत्वमध्य खाली राखणे आणि वाऱ्याचा मारा कमी करणे ही कारणे आहेत.

त्यामुळे ‘सागरी’ म्हणवणारे बहुतेक प्रस्ताव प्रत्यक्षात बंदराच्या, खाडीच्या किंवा प्रवाळकड्याच्या आडोशाला सरकलेले दिसतात. आडोसा नसेल तर लाटरोधक बंधारा हवा, आणि खोल पाण्यात तो इतका महाग पडतो की मूळ हिशेबच कोलमडतो.

तराफा जागी जखडून ठेवण्याचे (नांगरणीचे) दोन मुख्य प्रकार आहेत. उथळ पाण्यात तळात पोलादी खांब रोवून तराफा कड्यांनी त्यांना अडकवतात. तो खांबावर वरखाली सरकतो, पण वाहून जात नाही. खांबाची उंची वादळातील कमाल पाणीपातळीपेक्षा जास्त ठेवावी लागते. नाहीतर ऐन वादळात तराफा खांबावरून निसटून मोकळा होईल. खोल पाण्यात साखळदंड किंवा ताणलेले दोर वापरतात. भूकंपात जमिनीचा आडवा हादरा तरंगत्या पायाला फारसा पोचत नाही. त्सुनामीची लाट खोल समुद्रात जेमतेम जाणवते, पण उथळ किनाऱ्याजवळ, म्हणजे नेमकी जिथे ही नगरे आखली जातात तिथे, ती उंचावते.

ॲम्स्टरडॅममधील आयबर्ग वसाहतीतील तरंगती घरे काँक्रीटच्या पोकळ टबवर बसवलेली असून खालचा मजला अंशतः पाण्याखाली आहे. ती अन्यत्र बांधून जलद्वारांतून ओढत आणली गेली, म्हणून त्यांची रुंदी जलद्वारांच्या मापावर बेतावी लागली. अशा घरात जड पियानो एका कोपऱ्यात ठेवला तरी घर त्या बाजूला कलू शकते आणि दुसऱ्या बाजूला भार किंवा कललेल्या बाजूला तरंगण्याचा आधार वाढवून तोल साधावा लागतो. शहराच्या प्रमाणावर हाच प्रश्न पाण्याच्या टाक्या, वाहने आणि सणासुदीची गर्दी यांचा होतो.

कल्पना नवी नाही. अमेरिकी वास्तुकार बकमिन्स्टर फुलर यांनी १९६० च्या दशकात ‘ट्रायटन सिटी’चा आराखडा केला. जपानी वास्तुकार कियोनोरी किकुताके यांची ‘अक्वापोलिस’ ही तरंगती वास्तू १९७५ च्या ओकिनावा प्रदर्शनात उभी राहिली. पुढे ती भंगारात निघाली. जपानने टोक्यो उपसागरात एक किलोमीटर लांबीची तरंगती धावपट्टीही करून पाहिली. चालू प्रकल्पांत दक्षिण कोरियातील बुसान (२०२२ चा आराखडा: तीन तराफे, १२,००० लोकांसाठी) आणि मालेजवळच्या खाजणातील मालदीवचे तरंगते शहर (सुमारे ५,००० घरे) यांची नावे नेहमी येतात. जाहीर झालेल्या चित्रांच्या मानाने प्रत्यक्ष काम फार मागे आहे.

पाणी, वीज व सांडपाणी यांच्या वाहिन्या लवचीक असाव्या लागतात. समुद्राचे पाणी गोडे करायला उलट परासरणाने (आरओ) घनमीटरमागे साधारण ३ ते ४ किलोवॉट-तास वीज लागते. ही आणि शहराची इतर सारी विजेची गरज केवळ तराफ्यावरील सौरपट्ट्यांतून भागवायची, तर छपरे अपुरी पडू शकतात. शिवाय तराफ्याच्या सावलीने खालच्या समुद्री गवताचा व प्रवाळाचा प्रकाश अडतो. उलट बाजूने, बुडालेल्या पृष्ठभागावर शिंपले व शेवाळ वाढतात. ते जीवसृष्टीला आसरा देतात, पण तराफ्याचे वजनही वाढवतात.

कायद्याची बाजू मात्र अनेक उत्साही प्रवर्तकांनी हलकी लेखली. सरकारांच्या कक्षेबाहेर स्वतंत्र वसाहती उभारण्याच्या हेतूने २००८ मध्ये स्थापन झालेल्या सीस्टेडिंग इन्स्टिट्यूटने प्रशांत महासागरातील फ्रेंच पॉलिनेशिया या फ्रान्सच्या बेटसमूहाशी २०१७ मध्ये सामंजस्य करार केला; पुढच्याच वर्षी तो बारगळला. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारानुसार कृत्रिम बेटांना बेटाचा दर्जा नाही आणि त्यांच्यामुळे स्वतःचा प्रादेशिक समुद्र मिळत नाही. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत ती उभारण्याचा किंवा उभारू देण्याचा हक्क किनारी राष्ट्राचाच असतो. म्हणजे बुडणाऱ्या बेटराष्ट्राने तराफ्यांवर वस्ती हलवली, तरी त्या तराफ्यांच्या जोरावर त्याला नवे सागरी क्षेत्र मागता येणार नाही. प्रशांत महासागरातील तुवालू या सखल बेटराष्ट्राने ऑस्ट्रेलियाशी २०२३ मध्ये केलेल्या करारात समुद्रपातळी वाढली तरी आपले राष्ट्रत्व कायम राहील हे स्वतंत्रपणे लिहून घेतले. तरंगत्या शहराचा त्यात उल्लेखही नाही.