श्रवणसराव : काठिण्यमापन

ध्वनिमुद्रक, मिक्सिंग करणारे आणि कार्यक्रमांचा साउंड सांभाळणारे तंत्रज्ञ कान तयार करण्यासाठी जो सराव करतात, त्यातील प्रत्येक प्रश्न किती अवघड आहे हे ठरविण्याच्या पद्धती. नेहमीचा प्रश्न असतो तो ईक्यूने (ध्वनीतील ठरावीक कंप्रता कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) चढवलेला वा उतरवलेला कंप्रता-पट्टा ओळखण्याचा.

या मापनाचा उगम कोठे मानावा याबाबत एकमत नाही. काही अभ्यासक तो वेबर (१८३४) व फेक्नर (१८६०) यांनी मांडलेल्या, जेमतेम जाणवणाऱ्या फरकाच्या विचारात पाहतात. दुसरे मत तो १९७० च्या दशकातील, वॉर्सा येथील लेटॉव्स्की व राकोव्स्की यांच्या ‘टिंबर सोल्फेज’ (ध्वनीचा पोत कानाने ओळखण्याचे शिक्षण) या अध्यापनापर्यंतच नेते. हे मत अधिक ग्राह्य वाटते. फरक जाणवणे आणि तो नेमका कोणता हे सांगणे या भिन्न क्रिया असून सरावाचा कस दुसऱ्या क्रियेत लागतो.

१२ डेसिबलची वाढ सहज कळते, ३ डेसिबलची कळण्यास सराव लागतो. घट ही तेवढ्याच वाढीपेक्षा सहसा उशिरा लक्षात येते. मात्र केवळ आकड्यांवरून काठिण्य ठरत नाही. ६३ ते १६,००० हर्ट्‌झपर्यंतच्या नऊ सप्तक-पट्ट्यांतून (प्रत्येक पट्टा आधीच्याच्या दुप्पट कंप्रतेचा) निवड असेल, तर अंदाजाने सुमारे ११ टक्के उत्तरे बरोबर येतात. दोनांतून असेल, तर ५० टक्के. त्यामुळे ६० टक्के गुणांचा अर्थ दोन्हीकडे सारखा नाही. १,००० ऐवजी २,००० हर्ट्‌झ सांगणाऱ्याची चूक एका सप्तकाची; तिला ८,००० सांगणाऱ्याच्या चुकीइतकेच मोजणे अन्यायाचे होय. लेव्हिट (१९७१) यांच्या चढउतार पद्धतीत सलग दोन बरोबर उत्तरांनंतर प्रश्न अवघड आणि एका चुकीनंतर सोपा करतात, पातळी ७०.७ टक्के अचूकतेपाशी स्थिरावते.

सरावाचा ध्वनी हा सर्वांत दुर्लक्षित घटक आहे. पिंक नॉइज या सलग खरखरीसारख्या ध्वनीत सर्व सप्तक-पट्ट्यांत सारखी ऊर्जा असते, वाद्यांत नसते. कोकणातील दशावतारात पायपेटी, पखवाज व झांज असते. झांजेच्या ध्वनीत १२५ हर्ट्‌झ चढवले तर ऐकू येण्याजोगे फारसे काही बदलत नाही. पखवाजाच्या धुमेवर (खर्जाच्या बाजूवर) ८,००० हर्ट्‌झचेही तसेच. तोच प्रश्न डबलबारी भजनाच्या (दोन भजनी मंडळांच्या सामन्याच्या) ध्वनिमुद्रणावर घेतल्यास पट्टागणिक काठिण्य बदलते. पावसाळ्यात पत्र्यावरील सरींचा आवाज विशेषतः वरचे पट्टे झाकतो, म्हणून बंद खोलीत काढलेली पातळी तेथे लागू पडत नाही. जत्रेच्या उघड्या मैदानात दूरच्या स्पीकरचे वरचे पट्टे कोकणच्या दमट हवेत देशावरील कोरड्या हवेपेक्षा कमी क्षीण होतात.