युटोपियावर लिहिताना गावठाणाचं काय करायचं?

करावे गावातली एक मुलगी नवी मुंबईच्या जन्मावर शोधनिबंध लिहिते आहे आणि तिला तो युटोपिया-अभ्यासाच्या एका इंग्रजी नियतकालिकाकडे पाठवायचा आहे. निबंध विषयाशी थेट जोडलेला असावा, त्यात लेखकाची ओळख नसावी, मजकूर आधी छापलेला नसावा, टिपा शिकागो शैलीत असाव्यात, अशा लेखकांसाठीच्या सूचना वाचून ती माझ्याकडे दोन शंका घेऊन आली. शहराच्या नियोजनावरचा निबंध युटोपियाच्या अभ्यासात बसतो का? आणि हस्तलिखितातून स्वतःची ओळख काढून टाकायची असेल, तर ‘आमच्या गावात’ असं लिहायचं तरी कसं? दोन्ही शंकांमागे मोठा इतिहास आहे, म्हणून हे टिपण.

एका कल्पित बेटावरच्या समाजाचं वर्णन करणारं इंग्लिश लेखक थॉमस मोरचं ‘युटोपिया’ हे लॅटिन पुस्तक 1516 साली लूव्हेनला छापलं गेलं. ‘युटोपिया’ हा शब्द त्यानेच ग्रीकवरून घडवला. त्याचा अर्थ ‘कुठेच नसलेली जागा’. पण उच्चार असा, की ‘चांगली जागा’ असंही ऐकू यावं. ही दुहेरी खूण मोरने मुद्दाम ठेवली होती. मराठीत मात्र आपण ‘मनोराज्य’ म्हणतो आणि लगेच ‘मनातले मांडे’ आठवतात. एंगल्सच्या 1880 च्या पुस्तिकेमुळे ‘काल्पनिक समाजवाद’ हा शब्द रुळला, त्यातही कमीपणाचीच छटा आहे. युटोपिया म्हणजे न होणारी गोष्ट, ही समजूत घेऊन निबंध लिहायला बसलं तर तो पहिल्याच पानावर फसतो. या क्षेत्रात त्या शब्दाचा अर्थ तेवढाच नाही.

त्याचं श्रेय बरंचसं लायमन टॉवर सार्जंट या अमेरिकन अभ्यासकाला जातं. 1967 च्या एका लेखात त्यांनी युटोपियावादाचे तीन चेहरे मांडले: साहित्य, प्रत्यक्ष वसवलेल्या वसाहती आणि सामाजिक विचार. 1975 मध्ये अमेरिकेत युटोपिया-अभ्यासकांची संस्था स्थापन झाली. तिचं ‘युटोपियन स्टडीज’ हे नियतकालिक 1990 मध्ये सुरू झालं, तेव्हा संपादक सार्जंटच होते. 1994 मध्ये त्याच नियतकालिकात त्यांनी आपली जुनी मांडणी पुन्हा तपासली. युटोपिया म्हणजे अस्तित्वात नसलेला, पण तपशिलाने वर्णन केलेला आणि कुठल्या तरी स्थळकाळात ठेवलेला समाज, ही त्यांची व्याख्या आजही बहुतेक निबंधांत भेटते. तिच्याशी वाद घालायला हरकत नाही, पण तिला वळसा घालून पुढे जाता येत नाही. ‘निबंध विषयाशी थेट जोडलेला असावा’ या साध्या दिसणाऱ्या सूचनेमागे हा सगळा वाद उभा आहे. तुम्ही तीनपैकी कुठल्या चेहऱ्याबद्दल बोलता आहात, हे तपासनीस, म्हणजे निबंध छापण्याआधी वाचणारा तज्ज्ञ, पहिल्यांदा पाहतो.

मग नवी मुंबई कुठे बसते? एबेनेझर हॉवर्ड या इंग्लिश नगर-विचारकावर एडवर्ड बेलामीच्या 1888 च्या युटोपियन कादंबरीचा खोल परिणाम झाला. 1898 मध्ये त्याने उद्यान-नगरांची, म्हणजे शेतीच्या हिरव्या पट्ट्याने वेढलेल्या आखीव शहरांची, कल्पना पुस्तकरूपाने मांडली आणि 1903 मध्ये इंग्लंडात लेचवर्थ उभं राहू लागलं. म्हणजे एका कादंबरीतून निघालेला धागा नकाशापर्यंत आणि नकाशातून विटांपर्यंत गेला. आपल्याकडे वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी मुंबईच्या खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना 1965 मध्ये ‘मार्ग’ मासिकात मांडली. 17 मार्च 1970 ला हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ, सिडको, स्थापन झालं आणि 1973 मध्ये वाशीचा खाडीपूल सुरू झाला. हॉवर्ड आणि हे तिघे यांच्यात नातं आहे, असं नुसतं म्हणून भागणार नाही. कोणत्या कागदात, कोणत्या आकृतीत ते दिसतं, हे दाखवावं लागेल. पण निबंध बसतो का, याचं उत्तर निःसंशय ‘हो’ आहे.

माझ्या मते या मुलीच्या निबंधाचा खरा गाभा मात्र मोरच्याच पुस्तकात आहे, आणि आपल्या बाजूने त्यावर फार थोडे लोक लिहितात. पहिल्या भागात मोर इंग्लंडातली कुंपणं दाखवतो. मेंढ्यांसाठी जमिनी बंदिस्त होतात आणि कुळं देशोधडीला लागतात. दुसऱ्या भागात युटोपस राजा द्वीपकल्प कापून त्याचं बेट करतो. लोकसंख्या वाढली की युटोपियाचे लोक समोरच्या मुख्य भूमीवर, जिथे जमीन पडीक आहे तिथे, वसाहत करतात. तिथले मूळ रहिवासी त्यांच्या कायद्याखाली राहायला तयार झाले तर ठीक, नाहीतर त्यांना हाकलून देतात. विस्थापनाचं दुःख सांगणाऱ्याच पुस्तकात हे विस्थापन नियम म्हणून येतं.

आता ठाणे, पनवेल, उरणकडे पाहा. सुमारे 344 चौरस किलोमीटरच्या आराखड्यात 95 गावं होती. भातशेती, मिठागरं, खाजणं, आगरी आणि कोळी वस्त्या. नकाशावर जी जागा मोकळी दिसली, ती मोकळी नव्हती. या जमिनी शहरासाठी संपादित होऊ लागल्या, तेव्हा दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, जानेवारी 1984 मध्ये जासईच्या परिसरात गोळीबार झाला, पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. करावे, दिवाळे, शिरवणे, घणसोली ही गावठाणं आजही सेक्टरांच्या मधोमध आहेत. युटोपियाच्या चांगल्या जागेत आधीपासून कोण राहत होतं, हा प्रश्न इथून विचारला गेला तर या विषयात खरी भर पडेल.

आपल्या बाजूची परंपराही हाताशी आहे. संत रविदासांचं बेगमपुरा हे दुःख नसलेलं शहर, रुकैया सखावत हुसेन यांची स्त्रियांच्या राज्याची 1905 ची इंग्रजी कथा ‘सुलतानाज ड्रीम’, आणि कासेगावला राहून गेल ऑम्व्हेट यांनी बेगमपुऱ्याच्या शोधावर लिहिलेलं 2008 चं पुस्तक. हे संदर्भ पाश्चात्त्य यादीच्या शेवटी शोभेला न लावता युक्तिवादात आणावेत.

राहिला नाव काढण्याचा नियम. 1665 मध्ये हेन्री ओल्डनबर्गने लंडनला ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे विज्ञानाचं नियतकालिक काढलं, तेव्हा काय छापायचं ते तोच ठरवी. 1752 मध्ये रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेने हे काम समितीकडे नेलं आणि 1830 च्या दशकात तज्ज्ञांचे लेखी अभिप्राय घेणं सुरू झालं. लेखक आणि तपासनीस दोघांनाही एकमेकांचं नाव कळू नये, ही पद्धत बरीच नंतरची. ती मला मनापासून पटते, कारण करावे गावातून आलेला निबंध आणि मोठ्या विद्यापीठातून आलेला निबंध तिच्यामुळे एकाच तराजूत पडतात. छापून झालेला मजकूर पुन्हा न घेण्याचा कडक शिरस्ता वैद्यकातून आला: 1969 मध्ये फ्रान्झ इंगेलफिंगर या वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकाने तो जाहीर केला. टिपांच्या शैलीचं म्हणाल तर शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशनाची नियमपुस्तिका पहिल्यांदा 1906 मध्ये निघाली. सांगितलेली शैली पाळावी, तिच्यावर फार विचार खर्च करू नये.

तेव्हा गावाचं नाव निबंधात राहू द्यावं. ‘माझ्या आजोबांची जमीन’ याऐवजी तपासणीपुरतं ‘करावे येथील एका खातेदाराची जमीन’ लिहावं, आभार वेगळ्या पानावर न्यावेत, आणि हे खातेदार आपलेच आजोबा आहेत, हे संपादकाला सोबतच्या पत्रात स्पष्ट कळवावं. स्वीकृतीनंतर ते वाक्य पुन्हा ‘माझे आजोबा’ असं करून मागावं. आणि ‘गावठाण’ हा शब्द ‘अर्बन व्हिलेज’ करून टाकू नये. पहिल्यांदा येईल तिथे त्याचा अर्थ एका वाक्यात द्यावा, पुढे शेवटपर्यंत गावठाणच लिहावं.