सोनोग्राफीला येताना चहासुद्धा नको

पोटाच्या सोनोग्राफीला उपाशी या, हे आम्ही वेळ देतानाच सांगतो. तरी काउंटरवर रोज ऐकू येतं, “काही खाल्लं नाही हो, फक्त चहा घेतला.”

त्या चहाचीच अडचण आहे. दूध किंवा पावावरचं लोणी लहान आतड्याच्या तोंडाशी पोचलं, की आतड्याच्या अस्तरातून कोलेसिस्टोकायनिन हे हार्मोन रक्तात उतरतं. १९२८ साली त्याचा शोध लागला तो पित्ताशय आकसवतं म्हणूनच. पित्ताशय आकसून पित्त आतड्यात सोडतं. त्याच वेळी जठराला हळू चालायचा निरोप जातो, म्हणून तुपकट जेवण पोटात रेंगाळतं. कॉफी तर दुधाशिवायही हे हार्मोन वाढवते.

मागे वाळपईहून एक काकी पहाटेच्या बसने आल्या. स्टँडवर चहा घेतलेला आणि अर्धा उंडा, म्हणजे गोल पाव, खाल्लेला. पडद्यावर पित्ताशय कोकमाच्या सुकलेल्या सोलासारखं सुरकुतलेलं, भिंत जाड दिसणारी. त्यांना परत पाठवलं, त्या रागावल्या. दुसऱ्या दिवशी उपाशी आल्या तेव्हा भरलेल्या पित्ताशयात तांदळाएवढा खडा स्पष्ट दिसला. आदल्या दिवशी रिपोर्ट दिला असता तर तो निसटू शकला असता. परत बोलावण्यात आमचा फायदा नाही. दुसऱ्या खेपेचे पैसे आम्ही घेत नाही.

रात्रीचं जेवण हलकं ठेवा आणि नंतर आठ तास काही खाऊ नका. साधं पाणी चालतं, बीपीची गोळीही त्याच्याबरोबर घ्या. सिगारेट आणि च्युइंगगम नको, त्यांच्याबरोबर हवा पोटात जाते आणि स्वादुपिंड झाकलं जातं. मधुमेह असेल तर वेळ घेतानाच सांगा, तुम्हाला पहिला नंबर देतो. इन्सुलिन किंवा गोळीचं मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. तीव्र पोटदुखी असेल तर उपासासाठी थांबू नका, थेट डॉक्टरांकडे जा.

बसल्या बसल्या पोट गुरगुरलं तर घाबरू नका. उपाशीपोटी साधारण दीड-दोन तासांनी मोटिलिन हे हार्मोन आतड्यात झाडलोटीची लाट उठवतं. पहिला घास गेला की ती थांबते.

आम्ही साडेसातला उघडतो, म्हणजे उपास लांबत नाही. डबा सोबत आणा. तपासणी झाल्यावर खायला मागच्या खोलीत टेबल आहे.