पँडोराकडे पेटी नव्हतीच, रांजण होता

‘चौकशी लावली तर पँडोराची पेटीच उघडेल’ असं वाक्य मराठी वर्तमानपत्रांत अधूनमधून दिसतंच. पँडोरा ही ग्रीक पुराणकथेतली पहिली स्त्री; तिने पेटी उघडली आणि जगातली सगळी संकटं बाहेर पडली, असं आपण ऐकलेलं असतं. मूळ ग्रीक कथेत मात्र पेटी नाही.

ही कथा इसवी सनापूर्वी ७००च्या सुमाराला हेसिअड या कवीने सांगितली. त्याने वापरलेला शब्द आहे ‘पिथॉस’, म्हणजे धान्य, तेल, दारू साठवायचा मातीचा मोठा रांजण. क्रीट बेटावर नॉसॉसच्या राजवाड्यात याहून कितीतरी जुने रांजण आजही उभे आहेत. काही तर पुरुषभर उंचीचे, अंगावर दोरखंडाची नक्षी, उचलायला-बांधायला चहूबाजूंनी कान. असला रांजण काखोटीला मारून पँडोरा कुठे जाणार?

घोळ झाला सोळाव्या शतकात. डच विद्वान इरॅस्मसने ही गोष्ट लॅटिनमध्ये सांगताना ‘पिथॉस’च्या जागी ‘पिक्सिस’, म्हणजे डबी, असा शब्द घातला. त्याचा ग्रंथ युरोपभर वाचला गेला. मग चित्रकारांनीही पँडोराच्या हातात नाजूक डबी दिली आणि तीच इंग्रजीतून आपल्याकडे आली.

आणखी एक. ‘बाईला उत्सुकता आवरली नाही’ हेही हेसिअड म्हणत नाही. तिने झाकण काढलं, एवढंच तो सांगतो. (बायकांबद्दल त्याचं मत एरवीही वाईटच, पण हा आरोप नंतरच्यांचा.) रोगराई, कष्ट, दुःखं बाहेर पडली. आशा तेवढी रांजणाच्या काठाखाली राहिली, कारण पँडोराने झाकण परत बसवलं होतं.