पार्श्वभूमी : बॅन्जो पार्टीतून बॅन्जो कसा उतरला

मराठवाड्यात लग्नाची बोलणी संपत आली की आजही कुणीतरी विचारतेच, "बॅन्जो सांगितला का?" म्हणजे वरातीत वाजवायला बॅन्जो पार्टीचा संच ठरवला का. प्रत्यक्ष दारात जी गाडी येते तिच्यावर बॅन्जो नसतो. कीबोर्ड असतो, काड्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक पॅड असतो, हातात माईक धरलेला एक गायक असतो आणि उरलेली जागा स्पीकरांनी भरलेली असते. वाद्य गेले, नाव राहिले. याचे खापर सहसा डीजेवर फुटते आणि ते अर्धेच खरे आहे. डीजेची गाडी गावात शिरण्याआधीच पार्टीवाल्यांनी आपल्या हाताने बॅन्जो खाली उतरवायला सुरुवात केली होती. त्यामागे लोकांच्या आवडीपेक्षा तारांचा ताण, भोंग्याची मर्यादा आणि गायकांच्या काळी-पांढरी पट्ट्यांचा हिशेब जास्त होता.

आधी नावाचा गुंता. अमेरिकेत ज्याला बॅन्जो म्हणतात त्याला डफासारखे कातडे ताणलेले गोल अंग आणि लांब मान असते. आपला बॅन्जो म्हणजे लाकडी पेटी. तिच्यावर ताणलेल्या पोलादी तारा, वर टाइपरायटरसारखी बटणे, डाव्या हाताने बटण दाबायचे आणि उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. या दोन वाद्यांचे एकमेकांशी नाते नाही. आपल्या पेटीचे मूळ जपानमध्ये आहे. 1912 साली नागोया शहरात ते वाद्य तयार झाले आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या ताइशो राजवटीवरून त्याचे नाव ताइशोगोतो पडले. त्यातला 'गोतो' म्हणजे कोटो, जपानचे जुने तंतुवाद्य. भारतात त्याला बुलबुल तरंग म्हणतात, बलुचिस्तानात त्याच घराण्यातले वाद्य बेंजू म्हणून वाजते. आपल्याकडे पाटीवर बेंजो, बँजो, बॅन्जो असे सगळे प्रकार दिसतात.

गुंता वाढला तो वाद्याचे नाव संचाला लागले तेव्हा, आणि पुढे संचाचे नाव वाजवण्याच्या ढंगाला लागले तेव्हा. त्यामुळे परवानगीच्या अर्जात 'बॅन्जो' असे लिहिले की नेमके काय समजायचे, यावर दर हंगामात वाद होतो. एका पोलीस ठाण्यात ते पारंपरिक वाद्य ठरते, शेजारच्या ठाण्यात डीजेचा धाकटा भाऊ. पार्टीवाले म्हणतात, आम्ही हाताने वाजवतो, म्हणून आम्ही डीजे नाही. बंदोबस्तावरचे म्हणतात, स्पीकर तेच आहेत, मग फरक काय? दोघेही वाद्याच्या नावावर भांडतात आणि 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम वाद्याच्या नावावर चालतच नाहीत. ते आवाज मोजतात आणि घड्याळ बघतात. रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल हे मानक आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या भागाच्या मानकापेक्षा 10 डेसिबलने जास्त किंवा 75 डेसिबल, यांतला जो आकडा कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. म्हणजे गावातल्या गल्लीत दिवसा 65. रात्री 10 ते सकाळी 6 मोकळ्या जागेत काहीच नाही, आणि 2010 च्या दुरुस्तीनंतर यात ध्वनिक्षेपकासोबत वाद्येही आली. वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंतची सूट सरकार देऊ शकते. या चौकटीत बॅन्जो, डीजे आणि ढोल-ताशा सगळे एकाच रांगेत उभे आहेत.

आता पार्टीवाल्यांना न आवडणारा हिशेब. 40 वॅटचे मशीन (ॲम्प्लिफायर) आणि एक चांगला कर्णा, म्हणजे भोंगा, घेतला तर एक मीटरवर सहज 120 डेसिबल निघतात. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की 6 डेसिबल घटतात, म्हणजे 32 मीटरवरही 90 उरतात. जुन्या पार्टीचा आवाज गोड होता हे खरे. कमी होता हे खोटे. डीजेवरचा राग मात्र नुसत्या आकड्याचा नाही. डेसिबल मोजणारे यंत्र 'ए' वजन लावते आणि त्यात 63 हर्ट्झचा आवाज 26 डेसिबलने कमी धरला जातो. ज्या बेसने पत्रे वाजतात आणि छातीत धडधड होते तो कागदावर पुरता उमटतच नाही. कर्ण्याला हा आरोप लागू होत नाही, कारण त्याला बेसच नव्हता.

जुन्या संचाची सगळी रचना इथूनच समजते. कर्ण्यातून साधारण 300 हर्ट्झच्या खालचे काही नीट बाहेर पडत नाही. बॅन्जोचा धारदार, पत्र्यावर नखी ओढल्यासारखा आवाज बहुतेक त्याच्या वरचा, म्हणून तो कर्ण्यातून तीनशे पावलांवरही ओळखू यायचा. ढोलकीचा घुमारा कर्ण्यात घातला तर नुसती टकटक उरायची. त्यामुळे मशीनला जोडलेला फक्त बॅन्जो असे, फार तर गायकाचा माईक. ढोल, ताशा, ढोलकी, झांज आणि खुळखुळा पायी चालत, विनामाईक. हातगाड्यावर 12 व्होल्टची बॅटरी, मशीन आणि बांबूला बांधलेले दोन कर्णे. आठ-दहा माणसांत काम भागे. ब्रास बँडला याच्या दुप्पट माणसे आणि शिवाय गणवेश लागत, त्यामुळे लहान गावातल्या यजमानाला पार्टीच परवडे. आणखी एक फरक होता, आणि मराठवाड्यात तो लहान नाही. पार्टी सुपारीवर यायची, इसार घेऊन यायची. गावकीच्या हलगीसारखे ते कुणाच्या वाट्याला आलेले काम नव्हते.

बॅन्जोला वीज जोडण्याचे दोन मार्ग होते आणि दोन्ही त्रासाचे. पेटीला चिकटवायचा काँटॅक्ट माईक स्वस्त, पण तो बटणांची खटखटही उचलतो आणि कर्णा समोर आला की शिट्टी मारतो. तारांखाली बसवायचा चुंबकी पिकअप फक्त तारच ऐकतो, मात्र जनरेटर शेजारी असला तर त्याची घूं घूं आवाजात मिसळते. उपाय साधा आहे. जनरेटर गाडीच्या मागच्या टोकाला, बॅन्जो पुढे, आणि पिकअपची वायर विजेच्या वायरीला समांतर न नेता आडवी ओलांडून न्यायची. निम्म्या पार्ट्या हे करत नसत.

तरी बॅन्जोचा घात केला तो पट्टीने, म्हणजे सुराच्या उंचीने. चाल वाजवणाऱ्या दोन-तीन तारा एकाच स्वरात लावलेल्या असतात. त्यातली एक केसभर उतरली तरी आवाजात लाटा येतात आणि कर्णा त्या मोठ्या करून दाखवतो. एप्रिल-मेच्या लग्नसराईत परभणी-नांदेडकडे पारा चाळिशी ओलांडतो. सावलीत लावलेली पोलादी तार उन्हात आली की तापून सैल पडते आणि स्वर उतरतो. वरात मारुतीच्या पारावर पोचेपर्यंत दोनदा कान पिळावे लागत. हे एकवेळ चालले असते. पण गायक आले आणि प्रत्येकाची पट्टी वेगळी निघाली. काळी एकला (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी 'सा' धरून) लावलेला बॅन्जो काळी दोनला न्यायचा तर तारेचा ताण सव्वापट होतो. काळी तीनला न्यायचा तर तो पावणेदोन पटींच्या वर जातो, आणि तिथे तार तुटते किंवा बटणाखाली नीट दबत नाही. खाली आणायचा तर तारा लोंबतात. कीबोर्डवर ट्रान्सपोजचे (पट्टी बदलायचे) बटण दाबले की काम झाले. त्यात बॅन्जोचा स्वर छेडल्यावर लगेच विरतो, म्हणून लांब सूर धरायला नखी भराभर फिरवत राहावी लागते. कीबोर्डवर बोट दाबून ठेवले की सूर उभा राहतो.

सुरुवातीला कीबोर्ड बॅन्जोच्या मागे भरणा म्हणून आला. काही हंगाम दोघे शेजारी उभे राहिले आणि तेव्हाचा आवाज सगळ्यात भरलेला होता, असे आमचे मत आहे. पुढे मालकांनी एक मानधन वाचवले. बॅन्जोवाल्यालाच कीबोर्डवर बसवण्याचा प्रयोग बऱ्याच ठिकाणी झाला आणि तो फसला. बॅन्जोत डावा हात एका वेळी एकच स्वर शोधतो, सगळी कसब उजव्या हाताच्या नखीत असते. कीबोर्डवर ती नखीच काढून घेतली जाते.

तालाच्या बाजूला बदल स्पीकरने घडवला. कर्ण्याच्या जागी 15 आणि 18 इंची पेट्या आल्या तेव्हा पायी चालणारा ढोल त्यात बुडाला. त्याला माईक लावावा तर चालत्या गाडीत शिट्टी. मग ऑक्टोपॅड आला. 1985 चे पहिले मॉडेल स्वतः आवाज काढतच नव्हते. आठ रबरी चौकोन आणि दुसऱ्या यंत्राला संदेश पाठवायची सोय, एवढेच. गावोगावच्या पार्ट्यांना उपयोगी पडली ती आवाज आतच भरलेली नंतरची मॉडेल, विशेषतः 1998 चा एसपीडी-20 आणि 2010 चा एसपीडी-30. ढोलकीवाल्याला पॅड जड गेला, कारण त्याचे सगळे कौशल्य बोटांत आणि तळव्यात. हलगीवाल्याच्या एका हातात जाड टिपरू आणि दुसऱ्यात बारीक काडी आधीपासूनच असते. तो पॅडच्या काड्यांना लवकर सरावतो.

चालत्या टेम्पोत पॅडची एक खोड कायम राहिली. एका चौकोनावर मारले की शेजारचाही वाजतो, किंवा खड्डा आला की कुणी न मारता ठोका पडतो. कारण सोपे आहे : आतला सेन्सर हादरा मोजतो, काडी ओळखत नाही. स्टँडच्या पायांखाली दोन इंच फोम, थ्रेशोल्ड (किती हादऱ्याला ठोका धरायचा ती मर्यादा) हळूहळू वाढवत खड्ड्याचा ठोका बंद होईपर्यंत, आणि क्रॉसटॉकची (शेजारचा चौकोन वाजू न देण्याची) सेटिंग त्यानंतर. थ्रेशोल्ड एकदम चढवला तर हलके बोल गायब होतात आणि मग पॅडवाला काडी आपटायला लागतो. वीज डगमगली की कीबोर्ड बंद पडून पुन्हा चालू होतो आणि लावलेली पट्टी विसरतो. म्हणून कीबोर्ड आणि पॅडला वेगळा इन्व्हर्टर द्यायचा, बेसच्या ॲम्प्लिफायरसोबत एका वायरवर ठेवायचे नाही.

संख्या अशी घटत गेली : आठ-दहा, मग पाच, मग कीबोर्ड, पॅड आणि गायक असे तीन. ऊसतोडीला टोळ्या जाणाऱ्या बीडकडच्या पट्ट्यात दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत माणसे मिळणे तसेही कठीण, तिथे लहान संच सोयीचा पडला. तिनाचा एक करायला फक्त पेनड्राईव्ह लागला. तोच डीजे. आपल्याकडे हा शब्द माणसासाठी नाही, गाडीसाठी आहे. पश्चिमेकडचे जिल्हे त्यालाच डॉल्बी म्हणतात. त्या नावाच्या कंपनीने 1965 साली सुरुवात केली ती ध्वनिमुद्रणातली खरखर कमी करण्याच्या यंत्राने, हे इथे सहज सांगून ठेवतो.

2018 च्या गणेशोत्सवात न्यायालयाने डीजे-डॉल्बीवरची बंदी उठवायला नकार दिला. 2020 च्या टाळेबंदीत लग्नाला 50 माणसांची मर्यादा आली आणि मिरवणुका थांबल्या. या दोन्हींनंतर '14 एप्रिलला डीजे नको, बॅन्जो सांगू' अशी भाषा मंडळांच्या बैठकीत पुन्हा ऐकू येऊ लागली. मागणी आहे, पण बटणांच्या स्प्रिंगा बदलणारा, तारांखालच्या झिजलेल्या पट्ट्या घासून एका पातळीत आणणारा कारागीर शोधावा लागतो. म्हणून बहुतेक पार्ट्या बॅन्जोचा आवाज कीबोर्डवरच काढतात, आणि तिथे पुन्हा नावाचा घोळ होतो. कीबोर्डच्या प्रमाण यादीत 106 क्रमांकावर 'बॅन्जो' आहे, पण तो अमेरिकेतला, कातड्याचा, टणटणीत. जाणकार वादक दोन घरे पुढे जातो, 108 वर. तिथे कोटो आहे. त्यात थोडा इको मिसळायचा आणि सूर धरून न ठेवता तीच पट्टी दोन बोटांनी आलटून पालटून भराभर मारायची, नखी फिरवल्यासारखी.